ड्रॅगचं सस्पेन्शन आणि रोजचा रस्ता: अलाइनमेंट करूनही गाडी पुन्हा पुन्हा तरंगते तेव्हा

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे ही पोस्ट आपल्यासाठी आहे का ते ज्याचं त्याला कळेल. हायवेला ९०-१०० च्या पुढे नाक हलकं लागतं, स्टिअरिंगमध्ये जीव राहत नाही. पुलाच्या सांध्यावरून गाडी गेली की पुढचा भाग वर उठतो आणि लगेच खाली बसत नाही. ओळीने स्पीडब्रेकर लागले की गाडी पुढून उंच झाल्यासारखी दिसते. ब्रेक दाबत वळणात शिरलं की मागची बाजू बाहेर जायला बघते, ओल्या रस्त्यावर तर हमखास. अलाइनमेंट करून आणलं की चार दिवस बरं वाटतं, मग पहिले पाढे पंचावन्न.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्याकडे अशा तक्रारीच्या गाड्या येतात त्या बहुतेक पुणे-मुंबई नाहीतर बंगळूरहून सेकंडहँड घेतलेल्या. आधीच्या मालकाने ४०२ मीटरच्या सरळ ड्रॅग शर्यतीसाठी सगळा सेटअप केलेला असतो आणि विकताना 'फुल स्पोर्ट सस्पेन्शन' एवढंच सांगितलेलं असतं. घेणाऱ्याला वाटतं, शर्यतीचं आहे म्हणजे घाटातही भारीच असणार. मग टायर बदलले जातात, बॅलन्सिंग होतं, एकदा बॉल जॉइंट, एकदा टाय रॉड. शेवटी प्रश्न येतो, "मिस्त्री, स्टिअरिंगचा रॅकच बदलून टाकूया न्हवं?"

रॅकला हात लावू नका. लाखाच्या घरातला खर्च आहे आणि बहुतेक वेळा रॅक निर्दोष असतो.

मी इथे २०१५ नंतरच्या मस्टँगच्या अंगाने लिहितोय. भारतात फोर्डने ती २०१६ मध्ये अधिकृतपणे आणली, पाच लिटरचं व्ही-एट इंजिन आणि मागे इंडिपेंडंट (दोन्ही चाकं स्वतंत्र हलणारं) सस्पेन्शन. मागच्या चाकांवर चालणाऱ्या इतर गाड्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचं गणित वेगळं आहे, त्यांच्यासाठी खाली चार ओळी आहेत.

ड्रॅगच्या सस्पेन्शनला काम एकच. गाडी सुटताना पहिल्या एक-दोन सेकंदांत वजन मागच्या टायरवर झटकन नेऊन टाकायचं. रस्ता सपाट, कोरडा, सरळ आणि वर चिकट द्रव मारलेला. वळण नाही, खड्डा नाही, उसाच्या ट्रॉलीमागे अचानक ब्रेक मारणं नाही. त्यामुळे पुढे लांब आणि मऊ स्प्रिंग घालतात, पुढचा अँटी-रोल बार (वळणात गाडीचं झुकणं रोखणारी आडवी दांडी) काढून टाकतात आणि शॉकअप ९०/१० चे बसवतात. ९०/१० म्हणजे शॉकअपच्या एकूण विरोधापैकी नव्वद टक्के दबताना आणि दहा टक्के उघडताना. नाक सहज वर जावं आणि वर गेलेलं पटकन खाली येऊ नये, यासाठी ही योजना. रस्त्यावरच्या गाडीत नेमकं उलटं लागतं. तिथे उघडतानाचा विरोध दबतानाच्या साधारण दुप्पट-तिप्पट ठेवतात, कारण दबलेल्या स्प्रिंगमध्ये साठलेला जोर परत येताना तोच आवरायचा असतो.

आता हे शॉकअप आपल्या रस्त्यावर आणा. रंकाळ्यावरून फुलेवाडीकडे जाताना खराब पट्टा लागला. चाक खड्ड्याच्या काठावर चढलं, शॉकअप दबायला तयार नाही, म्हणून धक्का सरळ बॉडीला बसून बॉडी वर गेली. चाक लगेच खाली सुटलं, कारण उघडायला अडवणूकच नाही. बॉडी अजून खाली बसतेय तोवर पुढचा खड्डा आला. असं करत करत गाडी जॅक लावल्यासारखी वर चढत जाते. वर चढलेल्या उंचीला टो (चाकं वरून पाहिली तर आत-बाहेर किती वळलेली) आणि कॅम्बर (समोरून पाहिली तर किती कललेली) दोन्ही बदललेले असतात. हायवेच्या उंचवट्यावरही बॉडीला वर जाताना कुणी धरत नाही, पुढच्या टायरवरचा भार उतरतो आणि स्टिअरिंग रिकामं लागतं. 'तरंगते' म्हणतात ते हे.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. नाक जितकं वर तितकं वजन जास्त मागे जातं, असं पुष्कळांना वाटतं. वजन किती मागे जाणार ते गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, व्हीलबेस आणि गाडी किती जोरात सुटते यावर ठरतं. ढोबळ हिशेब करू. गाडी १७०० किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर, व्हीलबेस २.७२ मीटर आणि सुटताना वेगवाढ ०.८ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट. १७०० गुणिले ०.८ गुणिले ०.५, भागिले २.७२. उत्तर २५० किलो. म्हणजे पुढच्या प्रत्येक चाकावरून १२५ किलो उतरले. स्प्रिंग मऊ असो की कडक, आकडा जवळपास हाच. नाक वर गेल्याने गुरुत्वमध्य थोडा उचलला जातो, त्याचा फरक किरकोळ. मऊ स्प्रिंग आणि सैल शॉकअपने बदलते ती वजन जाण्याची वेळ आणि लय. ड्रॅगमध्ये त्या लयीलाच किंमत आहे, हे कबूल. पण पन्हाळ्याला झुणका-भाकरी खायला जाताना तिचा उपयोग शून्य.

स्प्रिंगमुळे फरक कुठे पडतो तेही बघा. पुढच्या एका चाकावर बॉडीचे ४०० किलो आहेत असं धरा. चाकापाशी मोजलेला कडकपणा मिलिमीटरला ४ किलो असेल, तर स्प्रिंग १०० मिलिमीटर दबलेली असते. ड्रॅगची २ किलोची असेल तर २०० मिलिमीटर. १२५ किलो उतरल्यावर पहिली ३१ मिलिमीटर उठते, दुसरी ६२. इथवर मालक खूश, फोटो छान येतो. पण ०.८ जीने ब्रेक मारला की तेच २५० किलो उलटे पुढे येतात आणि तेच ६२ मिलिमीटर नाक खाली जाऊ बघतं. नव्वद टक्केवाला शॉकअप त्याला जरा वेळ थोपवतो, थांबवू शकत नाही. घाट उतरताना ब्रेक लांबला की गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, जाऊन बसते. बंप स्टॉप आधीच्या मालकाने कापलेले असतील, आणि बऱ्याचदा असतात, तर थेट लोखंडावर लोखंड.

तपासणीला बसण्याआधी गाडीखाली डोकं घाला आणि पुढचा अँटी-रोल बार जागेवर आहे का बघा. हसू नका. कित्येक मालकांना तो काढलेला आहे हे माहीतच नसतं, कारण कागदावर कुठे लिहिलेलं नसतं. कधी बार असतो, पण त्याला चाकाशी जोडणारे दोन्ही लिंक रॉड गायब. मग मागच्या बाजूला जा. तिथे मनगटाएवढा जाड बार दिसला तर मागून घसरण्याचं कारण तुम्हाला मिळालं. पुढचा बार काढला की वळणात गाडीचं झुकणं पेलायचं काम मागच्या बाजूवर येतं. मागचा बार कडक केला की ते आणखी वाढतं. मागच्या बाहेरच्या टायरवर भार फार, आतल्यावर फार कमी, आणि दोघांची मिळून पकड घटते. सरळ पट्ट्यावर हे कधीच कळत नाही. जोतिबाच्या घाटात पहिल्या पावसात कळतं.

त्यातही गंमत अशी की हा जाड बार मस्टँगच्या या पिढीला त्या कारणासाठी लागतच नाही. एकसंध मागचा ॲक्सल असलेल्या गाडीत प्रॉपेलर शाफ्टच्या पिळामुळे एक मागचं चाक उचललं जातं आणि गाडी तिरकी सुटते, म्हणून तिथे हा बार घालतात. इंडिपेंडंट सस्पेन्शनमध्ये डिफरन्शियल बॉडीला बांधलेला असतो, तो पीळ चाकांपर्यंत जातच नाही. व्हिडिओत जुन्या मस्टँगला बघितला आणि आपल्या गाडीला लावला, असा हा प्रकार.

आता टेप घ्या. सपाट जागा हवी, घरासमोरचा उतार चालणार नाही. चारही चाकांच्या मध्यापासून वर फेंडरच्या काठापर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. गाडी खराब पट्ट्यावरून फिरवून आणा, शेवटी जोरात ब्रेक न मारता अलगद थांबवा आणि बॉडीला हात न लावता परत मोजा. पुढची उंची दहा मिलिमीटरपेक्षा जास्त वाढलेली असेल तर पुढचा भाग वर चढतोय. मग बोनेटवर दोन-तीनदा दाबून सोडा आणि पुन्हा मोजा. जुन्या आकड्यावर आली तर दोष शॉकअपचा. दाबूनही येत नसेल तर सस्पेन्शनच्या सांध्यातला कुठला तरी रबरी बुश पिळलेला आहे.

पिळलेला बुश हा या दुखण्यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. आर्मच्या रबर बुशला आतून लोखंडी नळी असते. बोल्ट कसला की ती नळी जागेवर गच्च होते आणि पुढची सगळी हालचाल रबराच्या पिळावर होते. गाडी लिफ्टवर, चाकं लटकलेली, अशा वेळी मिस्त्रीने बोल्ट पक्के कसले तर रबराची मधली स्थिती लटकलेल्या उंचीला ठरते. गाडी खाली आली की बुश कायम पिळलेला राहतो. गाडी वर राहते, रबर काही महिन्यांत फाटतं, नवीन बुश पडतो आणि तोही तसाच लटकत कसला जातो. तक्रार परत परत येण्याचं हे एक पक्कं कारण आहे. बोल्ट हाताने लावून गाडी चाकांवर उतरवायची, चार पावलं मागे-पुढे ढकलायची आणि मगच टॉर्क पान्याने कसायचं. खाली शिरायला जागा नसते म्हणून हे टाळतात. चाकांखाली फळ्या घाला किंवा पिटवर घ्या, पण असंच करा. हे फक्त रबर बुशसाठी. गोल फिरणारे रॉड एंड असतील तर तो प्रश्न नाही, त्यांचा प्रश्न वेगळा. धूळ आणि चिखल शिरला की आपल्याकडे ते एका पावसाळ्यात खडखडायला लागतात. हाताने हलवून जराही खेळ लागला तर बदला, त्यात ग्रीस भरून भागत नाही.

शॉकअप कुठला आहे ते छापील नंबरावरून कळलं तर उत्तम. नाही कळलं तर स्ट्रट (पुढच्या चाकाचा खांबासारखा शॉकअप) काढून हाताने बघा. ओढताना लोण्यातून आल्यासारखा येतो आणि दाबताना अंगाचा भार टाकावा लागतो, तर तो ड्रॅगचा. गॅसवाला असेल तर दांडा आपोआपच बाहेर येईल, त्याने फसू नका. तो बाहेर यायला किती वेळ घेतो ते बघा.

अलाइनमेंटवाल्याला शिव्या देण्याआधी एक विचार करा. त्याच्याकडे गाडी जॅकवर चढते, चाकं लटकतात, मग खाली येते. दबायला तयार नसलेला शॉकअप तिला पटकन खाली बसू देत नाही. अलाइनमेंटवाला वर राहिलेल्या गाडीचं माप घेतो आणि मशिनवर सगळे आकडे हिरवे दिसतात. रस्त्यावर गाडी वेगळ्याच उंचीला चालते. शिवाय आधीच्या मालकाने कधी कधी टो मुद्दाम नाक उचललेल्या उंचीला बरोबर येईल असा ठेवलेला असतो, ड्रॅगमध्ये तशी पद्धत आहे. आणि चार दिवस बरं का वाटतं? कारण ते चार दिवस गाडी राजारामपुरी ते ताराबाई पार्क एवढीच फिरते. रविवारी निपाणीच्या बाजूला तवंदी घाटात नेली की परत फोन.

उंचीबरोबर टो किती बदलतो हे एकदा मोजून घ्यायलाच हवं. गाडी घोड्यांवर (स्टँडवर), पुढची स्प्रिंग काढलेली, स्टिअरिंग सरळ बांधलेलं. हब जॅकने वीस-वीस मिलिमीटर उचलायचा आणि दर वेळी हबला लावलेल्या सरळ पट्टीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाचं गाडीच्या बाजूने सरळ ताणलेल्या दोरीपासूनचं अंतर लिहायचं. दोन्ही टोकांच्या अंतरातला फरक उंचीबरोबर झपाट्याने बदलत असेल तर टाय रॉडचा बाहेरचा सांधा चुकीच्या उंचीवर आहे. गाडी पुढून खूप वर किंवा खाली केली आणि टाय रॉड तसाच ठेवला की हे होतं. वेळखाऊ काम आहे, पण उद्यमनगरात कुठल्याही लेथवर पट्टी-ब्रॅकेट अर्ध्या दिवसात करून मिळतं, त्यामुळे सबब चालणार नाही.

आता उपाय. माझं मत स्पष्ट आहे: पुढची बाजू रस्त्याची करा, मागचं जे चांगलं आहे ते ठेवा. पुढे कंपनीच्या किंवा जराशाच कडक स्प्रिंग, रस्त्याचे स्ट्रट, पुढचा अँटी-रोल बार लिंक रॉडसकट परत. मागचा जाड बार काढून मूळचा. मागच्या सबफ्रेमचे (मागचं सस्पेन्शन बसवलेल्या चौकटीचे) कडक बुश आणि आधार मात्र राहू द्या. या मस्टँगला जोरात सुटताना मागची चाकं थडथडायची खोड आहे, टायर पकडतो-सोडतो आणि सगळी सबफ्रेम रबरावर नाचते. त्यात डिफरन्शियलपासून चाकांपर्यंतचे हाफ शाफ्ट जातात. कडक बुशने ती खोड कमी होते आणि रस्त्यावर आवाज थोडा वाढण्यापलीकडे तोटा नाही.

स्ट्रट दोन्ही बाजूंनी ॲडजस्ट होणारा असेल तर लगेच फेकू नका. ॲडजस्टरचे सगळे क्लिक पूर्ण बंद करून तिथून उलटे मोजायचे, नाहीतर कुणाचा हिशेब कुणाला लागत नाही. उघडतानाचा विरोध मध्यावर आणा, दबतानाचा सैल बाजूला. तोच पट्टा, तोच वेग, एका वेळी एकाच बाजूचा बदल आणि वहीत नोंद. दांड्यावर केबल टाय बांधला तर शॉकअप किती दबला तेही कळतं. टाय दर वेळी बंप स्टॉपपर्यंत सरकलेला दिसला तर स्प्रिंग मऊ आहे, क्लिकने ते सुटणार नाही.

टायरबद्दल थोडक्यात. पुढे ड्रॅगचे अरुंद टायर असतील तर ते आजच काढा, ब्रेकचं बहुतेक काम पुढचे टायर करतात. हलक्या ड्रॅग ब्रेक किटलाही तोच नियम. मागे ड्रॅग रेडियल असतील तर हवा रस्त्याच्या आकड्याला आणा, पट्ट्यावरच्या १५-२० पीएसआयवर गावात फिरू नका, आणि पावसाळ्यात ते वापरूच नका. नक्षी नावापुरती असते, पाणी बाहेर टाकायला जागा नाही. गगनबावड्याच्या पावसात करूळ घाट उतरणं अशा टायरवर, नकोच. उसाच्या हंगामात रस्त्यावर सांडलेला पाला आणि चिखलही तेवढाच वाईट.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. टाकी अर्धी, ड्रायव्हरच्या जागी तेवढं वजन, गाडी दाबून-ढकलून बसवलेली, आणि आकडे कंपनीच्या मर्यादेच्या मध्यावर.

जुन्या कॉन्टेसावाल्यांसाठी: मागे लॅडर बार (ॲक्सलला पुढे बॉडीशी जोडणाऱ्या शिडीसारख्या दांड्या) लावले असतील तर एक चाक खड्ड्यात आणि एक वर अशा वेळी ॲक्सलला मोकळं फिरता येत नाही, गाडी अडकते आणि एकदम सुटते. रोज चालवायची असेल तर ते काढा. ६० ते ८० च्या दरम्यान एकाच वेगाला घरघर येत असेल तर पिनियनचा कोन (ॲक्सलमध्ये प्रॉपेलर शाफ्ट जोडला जातो तिथला) बघा, ड्रॅगसाठी तो जास्त खाली ठेवलेला असतो आणि शाफ्टचा क्रॉस जॉइंट झिजवतो. ब्रेक मारताना मागचा ॲक्सल उड्या मारत असेल तर लिंकच्या ब्रॅकेटमध्ये बोल्ट कुठल्या भोकात आहे ते पाहा. सुटताना टायर जमिनीत दाबणारी रचना ब्रेकच्या वेळी ॲक्सल उचलते.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या ऑक्टाव्हिया, पोलोवाल्यांनी वरचं वाचून मऊ स्प्रिंग शोधू नये. तुमच्या ड्रॅग सेटअपमध्ये मागची बाजू कडक करतात, गाडी मागे बसू नये म्हणून. घाटात वळणात ॲक्सिलरेटर सोडला की मागचं सुटतं ते त्यामुळे. मागचे शॉकअप सैल करून बघा, नाहीतर मूळच्या स्प्रिंग घाला.

कायद्याचं एकच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीत परवानगीशिवाय केलेले बदल चालत नाहीत, आणि अपघात झाला तर विमावाला पहिलं हेच काढतो. रस्त्यावर शर्यत लावणं कलम १८९ खाली गुन्हा आहे. सातारा-कागल सहापदरीच्या रिकाम्या तुकड्यावर 'टेस्टिंग' करणाऱ्यांनी हे वाचलं असेल अशी आशा. ड्रॅग खेळायचंच असेल तर मोटरस्पोर्ट फेडरेशनच्या (एफएमएससीआय) परवानगीने होणाऱ्या स्पर्धांत खेळा. ड्रॅगच्या स्प्रिंग-स्ट्रटची जोडी वेगळी बांधून ठेवा आणि जाण्याआधी बदला. नीट हात असेल तर एका दिवसाचं काम आहे.

हे सगळं करूनही गाडी फक्त ॲक्सिलरेटर दाबताना एका बाजूला आणि सोडताना दुसऱ्या बाजूला ओढत असेल तर पुढे शोधू नका. मागचे टो लिंक आणि सबफ्रेमचे बोल्ट बघा. जोरात सुटून सुटून सबफ्रेम एक-दोन मिलिमीटर सरकते, मग मागची दोन्ही चाकं मिळून तिरकी होतात. बोल्ट कसल्यावर बोल्टचं डोकं आणि सबफ्रेम दोन्हींवरून पेंट मार्करने एक रेघ ओढा, तशीच सबफ्रेम आणि बॉडीच्या सांध्यावर. महिनाभराने रेघ तुटलेली दिसली तर गाडी अलाइनमेंटला न नेता आधी सबफ्रेम जागेवर आणून घ्या.